बाळाला ‘हाताची सवय’ लागते का?

तान्हे बाळ घरात आले की सल्ल्यांना तोटा नसतो. त्यांतला एक सल्ला तर घरोघरी ऐकू येतो : ‘सारखे उचलून घेऊ नका, हाताची सवय लागेल.’ मांडीवर थोपटून निजवलेले मूल गादीवर ठेवताच जागे होते, गाणे थांबले की डोळे उघडते, आई उठून गेली की रडू लागते, हा या सल्ल्यामागचा अनुभव. गंमत अशी की, हा सल्ला देणारी आजीच रात्री बाळ रडू लागले की सर्वांच्या आधी उठते आणि त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालते. मग आजीचे बोलणे खरे मानायचे, की आजीचे वागणे?

विद्यार्थी मित्रहो, हा प्रश्न नुसता घरगुती आहे असे समजू नका. गेली सव्वाशे वर्षे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि प्राणिशास्त्रज्ञ त्यात गुंतलेले आहेत. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी लहान भावंड असेल आणि त्याला निजवण्याचे काम कधी ना कधी तुमच्याकडे येत असेल. म्हणून या बाबतीतले माझे मत आधीच सांगून टाकतो. मुलाला जवळ घेऊन निजवल्याने ते बिघडत नाही. जवळ घेतले जाणे ही लहान मुलाची भुकेसारखीच गरज आहे. आपल्याकडे उणीव असलीच, तर ती मोकळ्या हाताची आणि मोकळ्या वेळाची आहे. आता हे मत कशाच्या आधारावर बनले, ते पाहू.

शास्त्राच्या नावावर दिलेला सल्ला

‘हाताची सवय’ ही कल्पना केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत ल्यूथर एमेट होल्ट नावाचे एक नामांकित बालरोगतज्ज्ञ होऊन गेले. १८९४ साली त्यांनी आयांसाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक पुस्तक लिहिले. मुलाला झोके देऊन निजवू नये, असा सल्ला त्यात होता. तेथील हजारो घरांतून पाळणे हद्दपार होण्यास अशा पुस्तकांचा हातभार लागला.

पुढे १९२८ मध्ये जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने आणखी कडक नियम घालून दिले. मुलांना कुरवाळू नये, मांडीवर बसू देऊ नये. अगदीच राहवले नाही तर रात्री निजताना एकदा कपाळाचा मुका घ्यावा आणि सकाळी हस्तांदोलन करावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याचा तर्क दिसायला सुटसुटीत होता. मूल रडले, त्याला उचलून घेतले, म्हणजे रडण्याबद्दल बक्षीस मिळाले. मग ते बक्षिसासाठी पुन्हा रडणार. आपल्या ‘हाताची सवय लागेल’ या वाक्यात हाच तर्क दडलेला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल.

तर्क सुटसुटीत असणे वेगळे आणि तो खरा ठरणे वेगळे. जवळ न घेतलेली मुले अधिक निरोगी किंवा अधिक स्वावलंबी होतात, असे वॉटसनने कोणत्याही प्रयोगाने दाखवले नव्हते. तरीही त्याचा सल्ला ‘शास्त्रीय’ म्हणून खपला. शास्त्रज्ञाने सांगितलेले सारे शास्त्रीय नसते. ज्याची परीक्षा झाली आहे तेच शास्त्रीय, हा धडा येथे आपोआप मिळतो.

या तर्काची परीक्षा पुढे झाली. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ यांनी २६ बाळांचे पहिल्या वर्षभर घरी जाऊन निरीक्षण केले. त्यांचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या आया रडण्याला लवकर प्रतिसाद देत, त्यांची मुले वर्षाच्या अखेरीस अधिक नव्हे, तर कमी रडत असल्याचे त्यांना आढळले. वॉटसनच्या हिशेबाने नेमके उलट व्हायला हवे होते! या अभ्यासावर पुढे टीका झाली, मुलांची संख्या थोडी होती आणि नंतरच्या अभ्यासांतून दरवेळी तेच उत्तर मिळाले असेही नाही. पण ‘उचलले की मूल बिघडलेच’ हे आता कोणी निःशंकपणे म्हणू शकत नव्हते.

दूध की ऊब?

त्या काळी असाही एक समज होता की, मुलाला आई आवडते ती दूध देते म्हणून. विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॅरी हार्लो यांनी हा समज तपासून पाहिला. त्यांनी ऱ्हिसस जातीची माकडे घेतली. उत्तर भारतातल्या गावांत व देवळांभोवती सर्रास दिसते तेच हे माकड. जन्मल्यावर लगेच पिलांना आईपासून दूर करून त्यांच्यापुढे दोन ‘आया’ ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापडात गुंडाळलेली. काही पिंजऱ्यांत दुधाची बाटली तारेच्या आईला लावलेली होती. पिले दूध पिण्यापुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला जवळजवळ सगळा वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. घाबरली की तिच्याकडेच धाव घेत. १९५८ मध्ये हार्लो यांनी हे निष्कर्ष मांडले.

हे प्रयोग क्रूर होते यात शंका नाही. खऱ्या आईवाचून वाढलेली ती माकडे पुढे नीट वागू शकली नाहीत. आज असा प्रयोग करण्यास परवानगी मिळणे कठीण आहे. परंतु दुधाइतकीच स्पर्शाचीही भूक असते, ही गोष्ट त्यांतून स्पष्ट झाली.

माणसाच्या मुलांवर असला प्रयोग करता येत नाही. पण याच प्रश्नाला उलट बाजूने हात घालता येतो : स्पर्श काढून घेण्याऐवजी वाढवून पाहिला तर? १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्यापुढे अडचण उभी राहिली. कमी वजनाची बाळे ऊबदार ठेवण्यासाठी काचेच्या पेट्या पुरेशा नव्हत्या. तेव्हा बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असे बांधून ठेवण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. कांगारूच्या पिशवीवरून तिला ‘कांगारू पद्धत’ म्हणतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत तिची मोठी चाचणी घेतली. भारतातील चाचणी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाली. जन्मतः १ किलो ते १·८ किलोपर्यंत वजन असलेली ३,२११ बाळे तीत होती. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, जन्मल्यापासूनच ज्यांना छातीशी ठेवले, त्यांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली. नेहमीच्या पद्धतीने सांभाळलेल्यांपैकी १५·७ टक्के. २०२१ मध्ये हे आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे दर शंभरांमागे तीन-चार जीव अधिक वाचले. ही बाळे दिवसाचे सुमारे सतरा तास छातीशी निजून होती. त्यांना हाताची सवय लागेल म्हणून कोणी दूर ठेवले असते, तर?

निजताना शरीरात काय घडते?

आता घरातल्या निरोगी बाळाकडे वळू. नवजात बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र म्हणजे झोपायची वेळ हे त्याला ठाऊकच नसते. मेंदूतले जैविक घड्याळ लागायला दोन-तीन महिने लागतात. रात्री शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते आणि ‘अंधार पडला’ असा निरोप सर्व अवयवांना मिळतो. नवजात बाळाच्या शरीरात ही रात्रीची वाढ सुरू झालेली नसते. मात्र आईच्या दुधात ते असते आणि तेही रात्रीच्या दुधात. दिवसाच्या दुधात जवळजवळ नसते. म्हणजे बाळाचे घड्याळ लागेपर्यंत रात्रीचा निरोप आईच्या दुधातून येत असला पाहिजे, असे मानायला जागा आहे.

आवाजाचेही तसेच आहे. १९८० मध्ये अँथनी डीकॅस्पर व विल्यम फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात एक बोंडले दिले. ठरावीक लयीत चोखले की आईचा आवाज ऐकू येई, वेगळ्या लयीत चोखले की परक्या बाईचा. बाळांनी आपली चोखण्याची लय आईच्या आवाजासाठी बदलली! पोटात असतानाच बाळ ऐकू लागते, म्हणून हा आवाज त्याच्या ओळखीचा असतो.

अंगाईवर २०२० मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या बाळांना त्यांनी कधीही न ऐकलेल्या भाषांतली गाणी ऐकवण्यात आली. त्यांत काही अंगाया होत्या, काही इतर गाणी. शब्द कळत नव्हते, चाल परकी होती, गाणारी व्यक्ती अनोळखी होती. तरी अंगाई चालू असताना बाळांच्या हृदयाचे ठोके अधिक मंद पडले.

स्पर्शाची गोष्ट तर विशेष आहे. आपल्या कातडीत स्पर्शाचे निरोप नेणारे चेतातंतू निरनिराळ्या प्रकारचे असतात. टाचणी टोचली की क्षणात कळते, ते जलद तंतूंमुळे. पण केसाळ कातडीत, म्हणजे पाठ, हात, कपाळ येथे, काही अतिशय मंदगती तंतू असतात. त्यांतून निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर या वेगाने जातो. इतके संथ तंतू कशाच्या उपयोगाचे? स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवले की, हळुवार फिरणाऱ्या हाताला हे तंतू सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर हा त्यांचा आवडता वेग, आणि माणसांना सर्वांत सुखद वाटणारा वेगही तोच! नऊ महिन्यांच्या बाळांच्या दंडावरून सेकंदाला ३ सेंटिमीटर वेगाने ब्रश फिरवला, तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावले. फार हळू किंवा फार भरभर फिरवल्यास तसे झाले नाही. तुम्ही घरी ३० सेंटिमीटरची पट्टी ठेवा आणि तिच्यावरून दहा सेकंदांत हात न्या. हा झाला सेकंदाला ३ सेंटिमीटर वेग. मग धाकट्या भावंडाच्या पाठीवरून आई कसा हात फिरवते ते पाहा, आणि दोन्ही वेग ताडून पाहा.

राहिली आजीची फेरी. जपानमधील कुमी कुरोदा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना घेऊन आयांना कधी बसायला, कधी चालायला सांगितले. आई चालू लागताच रडणे कमी होई, हातपाय झाडणे थांबे आणि हृदयाचे ठोके काही सेकंदांत मंद होत. नुसते घेऊन बसल्याने तसे होत नसे. उंदराच्या पिलाला मानेशी धरून उचलले की तेही असेच शांत होते. पिलू उचलून सुरक्षित जागी जाणाऱ्या आईला वळवळणारे ओझे सांभाळणे अवघड, म्हणून ही प्रतिक्रिया उत्क्रांतीत टिकली असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

२०२२ मध्ये याच गटाने पुढचा प्रश्न घेतला : झोपलेले बाळ गादीवर ठेवताच जागे का होते? यंत्राने ठोके मोजले, तेव्हा दिसले की बाळाची पाठ गादीला लागण्याआधीच, आईच्या अंगापासून ते सुटू लागते त्या क्षणी, ठोके वाढतात. एकतृतीयांशाहून अधिक बाळे वीस सेकंदांत जागी झाली. मात्र ज्यांना आधीच थोडा वेळ गाढ झोप लागली होती, ती ठेवल्यावरही झोपून राहिली. म्हणून रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे चालावे, ते झोपल्यावर पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मग खाली ठेवावे, असे त्यांनी सुचवले. हा अभ्यास अवघ्या २१ बाळांचा होता, हे विसरून चालणार नाही. पण आई दूर होत असल्याची जाणीव उंदराच्या पिलालाही असते. तिला ‘वाईट सवय’ कसे म्हणावे? ती जन्मासोबत आलेली राखणदारी आहे.

दुसरी बाजू

येथे कोणी म्हणेल, ‘पण काही मुले एकटी निजायला शिकतात आणि चांगली वाढतातही.’ हे म्हणणे खरे आहे. थोडा थोडा वेळ वाट पाहून मग रडण्याला प्रतिसाद द्यायचा, अशा पद्धतींचा ऑस्ट्रेलियात अभ्यास झाला. मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांची पाहणी केली, तेव्हा या पद्धतीने वाढलेल्या आणि न वाढलेल्या मुलांत फरक आढळला नाही. नुकसानही नाही आणि कायमचा फायदाही नाही. २०१२ चा हा निष्कर्ष आहे. तेव्हा थकून गेलेल्या एखाद्या आईने बाळाला काही मिनिटे रडू दिले, तर तिने त्याचे जन्माचे वाटोळे केले असे म्हणणेही अशास्त्रीयच. माझा आक्षेप त्या आईवर नाही. जवळ घेणारीला ‘तू मुलाला बिघडवतेस’ असे बजावणाऱ्या वाक्यावर आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. आपल्याकडे मूल आईजवळ निजते. जपानमध्येही आईबापांच्या मध्ये मूल निजवण्याची रीत आहे. तीन उभ्या रेघांनी लिहिल्या जाणाऱ्या ‘नदी’ या अक्षरावरून तिला नाव पडले आहे. पण जवळ निजवताना काही नियम पाळलेच पाहिजेत. वर्षाच्या आतल्या बाळाला नेहमी उताणे निजवावे. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये याचा प्रचार सुरू झाला आणि झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खाली आली. बाळाच्या तोंडाशी उशी किंवा जाड पांघरूण नसावे. दारू प्यालेल्या किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसाने बाळाला कुशीत घेऊन निजू नये. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळ घेऊन डुलकी काढणे तर फारच धोक्याचे. माया आणि काळजी या दोन्ही हव्यात.

हात मोकळा कुणाचा?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘हाताची सवय लागेल’ असे आपण म्हणतो, तेव्हा खरी अडचण बहुधा वेगळीच असते. ज्या हातावर बाळ निजायचे, त्या हाताला दुसरी कामे असतात.

मुंबईच्या गिरण्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी काम करणाऱ्या आया तान्ह्या मुलांना ‘बाळागोळी’ देत. तीत अफू असे. मूल दिवसभर गुंगीत पडून राही आणि आई पाळीवर जाई. त्या आयांना माया नव्हती काय? माया होती, पाळणाघर नव्हते, रजा नव्हती आणि घरी दुसरा हात नव्हता. मूल निजवण्याची जागा अफूने घेतली ती यामुळे. त्या आयांना नुसता उपदेश करून हा प्रश्न सुटणार नव्हता.

आज अफूची गोळी गेली, पण बाळापुढे मोबाइल धरून त्याला गप्प करणे घरोघरी दिसते. मोबाइल म्हणजे अफू नव्हे, आणि त्यातली अंगाईही सुरेल असेल. पण बाळ हुंकारले तर मोबाइल थांबत नाही, त्याची मूठ उघडली तर बोट देत नाही, आणि त्याला ऊबही नसते. एक वर्षाच्या मुलांपर्यंत पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एका तासाहून अधिक दाखवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.

यावर उपाय काय? पहिला उपाय घरातच आहे. मुलाला निजवणे हे एकट्या आईचे काम समजू नये. बापाच्या शरीरालाही हे काम परके नाही. फिलिपीन्समधील सेबू येथे झालेल्या एका अभ्यासात, मुलांच्या शेजारी निजणाऱ्या बापांत टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे संध्याकाळचे प्रमाण वेगळे निजणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. २०१२ मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली. मूल जवळ असले की बापाचे शरीरही जणू आपला सूर बदलते! ही दोरी दोन्ही टोकांना बांधलेली आहे. बापाने थोपटावे, आजोबांनी गोष्ट सांगावी, ताईने हात फिरवावा. बाळाला अनेक हात ओळखीचे असले, तर एकाच हाताची सवय लागण्याची भीतीही उरत नाही.

दुसरा उपाय नेमाचा. चौदा देशांतील दहा हजारांहून अधिक आयांकडून माहिती घेतलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले की, निजण्यापूर्वीचा क्रम जितका नेमाने पाळला जातो, तितकी मुले लवकर निजतात आणि अधिक झोपतात. हा क्रम खर्चिक नाही. अंग पुसणे, दिवा मंद करणे, एक गोष्ट किंवा गाणे, पाठीवर हात. सवय लागायचीच असेल तर ही लागू द्या.

तिसरा उपाय समाजाच्या हाती आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आदेश काढून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. मुलांची झोप अपुरी होते, हे त्यामागचे कारण होते. हा विचार स्तुत्य आहे, पण तो अर्धा आहे. सकाळी मूल किती वाजता उठते हे शाळा ठरवते. रात्री ते कधी निजते हे आईबाप कामावरून कधी परततात यावर ठरते. कामाचे तास, पाळ्या, प्रवास, बाळंतपणाची आणि बापाचीही रजा, पाळणाघरे, हे सारे झोपेचेच प्रश्न आहेत. बालसंगोपनावर व्याख्याने देण्यापेक्षा आईबापांना संध्याकाळचा एक तास मोकळा मिळवून देणे मला अधिक शास्त्रीय वाटते.

शिक्षकांना एक विनंती आहे. झोपेचा धडा शिकवताना मेंदूच्या आकृतीबरोबर एवढेही सांगा : माणसाचे मूल आपले हृदय, आपली झोप आणि आपली भीती एकट्याने सांभाळू शकत नाही, पहिली काही वर्षे ते दुसऱ्याच्या अंगाच्या आधाराने हे शिकते. आणि विद्यार्थी मित्रहो, आज रात्री धाकटे भावंड निजायला कुरकुर करू लागले, तर पुस्तक दहा मिनिटे बाजूला ठेवा. दिवा मंद करा आणि त्याच्या पाठीवरून हळू हात फिरवा. त्याचे श्वास मोजा, आरंभी मिनिटाला किती आणि शेवटी किती, आणि वहीत टिपून ठेवा. प्रयोग पूर्ण होण्याआधी प्रयोगकर्त्यालाच झोप लागली, तर तीही नोंद करायला हरकत नाही.